सुकटीत लपवलेली गोळी

पत्र थोडक्यात: ठाणे जिल्ह्यातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. आवारात १४ मांजरं आहेत, त्यांतल्या ८ भाट्या, म्हणजे माद्या. ताई रोज रात्री पंपरूमच्या मागे त्यांना भात आणि सुकट घालतात. या वर्षी तीन भाट्या व्याल्या. ११ पिल्लं झाली, त्यांतली २ जगली. सोसायटीच्या सभेत एका सभासदाने ‘एका जोडीपासून ७ वर्षांत ४ लाख २० हजार मांजरं होतात’ असा हिशेब वाचून दाखवला. पुढच्या सभेपर्यंत काही झालं नाही तर सगळी मांजरं पोत्यांत भरून खाडीपलीकडे सोडायची, असं ठरलं आहे. ताईंना ऑपरेशनचा विचारही सहन होत नाही. ‘मुक्या जिवाचं पोट फाडायचं, तेही त्याला पकडून, घाबरवून?’ असं त्या लिहितात. परदेशातल्या भाच्याने सांगितलं की तिकडे मांजरांसाठी गर्भनिरोधक गोळ्या असतात. म्हणून त्यांनी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी माला-एन या बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं शेजारणीकडून मिळवली आणि दीड महिना गोळ्या कुटून सुकटीत कालवल्या. आता चांदणी नावाच्या भाटीचे स्तन सुजले आहेत. त्या विचारतात: गोळी चुकली की प्रमाण चुकलं? बरोबर गोळी कोणती आणि ती किती द्यायची?

ताई,

आधी चांदणी. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

गोळ्या कालवणं आजच बंद करा आणि चांदणीला उद्याच्या उद्या पशुवैद्यांकडे न्या. गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर घ्या, काय दिलं आणि किती दिवस दिलं ते सगळं सांगा. बोलणी बसतील म्हणून लोक हे लपवतात, मग डॉक्टरांना सूज कशाची ते कळायला उशीर होतो. कदाचित ती गाभण असेल. भाटी गाभण राहिली की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिची स्तनाग्रं गुलाबी आणि ठसठशीत दिसायला लागतात. किंवा गोळीतल्या हार्मोनमुळे स्तनांच्या ग्रंथी वाढल्या असतील. हा दुसरा प्रकार मी अगदी जवळून पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत एक अर्धवट वाढीची भाटी होती, जेमतेम सात-आठ महिन्यांची. ऑपरेशनला नंबर लागत नव्हता, म्हणून एका दवाखान्यात तिला ‘पिल्लं न होण्याचं’ इंजेक्शन दिलं. पैसे मीच भरले होते, आणि सुटले एकदाची, असं वाटलंही होतं. महिना झाला नसेल, तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी लिंबाएवढ्या गाठींची रांग उठली. कातडी ताणून चकचकीत झाली होती, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. पोटावर बसता येईना म्हणून ती मीटरबॉक्सखालच्या थंड लादीवर कुशीवर पडून असायची. एका गाठीची कातडी फुटली आणि पाणी वाहायला लागलं. ती वाचली, पण त्यात दोन महिने गेले, आणि तिने फार सोसलं. म्हणून चांदणीला ‘बघू दोन दिवस’ असं करू नका. बाकीच्या भाट्यांवरही महिनाभर लक्ष ठेवा. खाणं सोडलं, पाणी खूप प्यायला लागली, शेपटीखालून घाण वास असलेला स्राव आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात तासांचा हिशेब असतो.

आता तुमचा प्रश्न. गोळी चुकली की प्रमाण? ताई, दोन्हीच्या आधी एक गोष्ट आहे. बाईचं शरीर आणि भाटीचं शरीर यांचं घड्याळच वेगळं. बाईला महिन्याच्या चक्रात एकदा बीज सुटतं, म्हणून तिच्या गोळ्यांचं पाकीट २८ दिवसांचं: २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ नुसत्या लोहाच्या. त्या ७ दिवसांत तुम्ही सुकटीतून लोह खाऊ घालत होतात. भाटीला असं चक्र नसतं. ती माजावर येते आणि बोक्याशी संग झाला तरच, साधारण दीड-दोन दिवसांत, तिला बीज सुटतं. संग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माज. जवळजवळ नऊ आठवड्यांत ती विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. माणसाच्या गोळीचं वेळापत्रक या शरीरावर बसतच नाही.

तुमचा भाचा मात्र खोटं बोललेला नाही. मेजेस्ट्रॉल ॲसिटेट नावाचं औषध आहे, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून ते कुत्र्या-मांजरांचा माज रोखायला वापरलं गेलं. पुढे अमेरिकेत ते अगदी कमी प्रमाणात खाण्यात कालवून भटक्या मांजरांच्या वस्त्यांना देणारेही लोक निघाले. औषध काम करतं, माज थांबतो. पण त्याच जातीच्या औषधांमुळे मांजरांना मधुमेह होतो, गर्भाशयात पू होतो, स्तनांच्या गाठी होतात. नेदरलँड्समध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही औषधं नियमित मिळालेल्या मांजरांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट दिसला होता. आणि मांजरांमधल्या स्तनाच्या गाठी बहुतेक वेळा वाईटच निघतात. गाभण भाटीच्या पोटात ही गोळी गेली तर आणखी वेगळं संकट: हे हार्मोन गर्भ धरून ठेवतं, त्यामुळे दिवस भरले तरी वेणा येत नाहीत आणि पिल्लं आतच मरू शकतात.

एवढं असूनही २०१३ मध्ये काही पशुवैद्यांनी जुने सगळे अभ्यास पुन्हा चाळून लिहिलं की बहुतेक वाईट परिणाम मोठ्या मात्रेचे आहेत, आणि अगदी लहान मात्रा, थोड्या काळापुरती, ऑपरेशनला जोड म्हणून विचारात घेता येईल. मला हे म्हणणं प्रामाणिक वाटतं. म्हणून गोळी म्हणजे विषच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्यातले शब्द बघा. लहान मात्रा, थोडा काळ, जोड म्हणून. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मेजेस्ट्रॉलच्या ४० आणि १६० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी असतात. तीन किलोच्या भाटीला आठवड्याला लागते ती मात्रा यातल्या लहान गोळीचाही एक बारीकसा तुकडा. तो घरी सुरीने पाडता येत नाही. म्हणून ‘किती द्यायची’ या प्रश्नाचं उत्तर मी या सदरात देणार नाही, राग मानू नका.

खरी अडचण औषधापेक्षाही पंपरूमच्या मागे आहे. तुम्हीच लिहिलं आहे की ताटली ठेवली की ‘बोकोबा आधी येतो आणि निम्मं फस्त करतो’. मग गोळी कुणाच्या पोटात गेली? हार्मोनच्या गोळ्या बोक्यालाही बाधतात, त्याचेही स्तन सुजू शकतात. राहिलेलं दोन धीट भाट्यांनी खाल्लं, त्यांना दुप्पट मिळालं. भिंतीवरून नुसती बघत बसणारी, सगळ्यांत बुजरी, तिला काहीच मिळालं नाही. आणि वितेही तीच. सकाळी उरलेल्यावर कावळे येतात. आता योग्य औषध, योग्य मात्रेत मिळालं असं धरू. ८ भाट्या, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे वर्षाला ४१६ वेळा, प्रत्येक वेळी नेमक्या त्याच भाटीने नेमका तोच घास खाल्ला हे तुमच्या डोळ्यांनी पाहायचं. तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात, आजारी पडलात, मुसळधार पावसात चार दिवस मांजरंच आली नाहीत, की माज परत. ती भाटी जगेल तितकी वर्षं हेच.

आणि हे जर जमणार असेल, म्हणजे प्रत्येक भाटीला वेगळं ओळखणं, ठरल्या वेळी ठरल्या जागी बोलावणं, बोक्याला बाजूला ठेवून तिला एकटीला खाऊ घालणं, तर ताई, पिंजरा लावायलाही एवढंच लागतं! फक्त तिथे ते ८ वेळा करायचं, ४१६ वेळा नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘गोळीने निदान तिला कळणार तरी नाही.’ तिला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही हा मार्ग धरलात, हे मला पोचलं. पण तिला कळत होतंच. मीटरबॉक्सखाली कुशीवर पडलेल्या त्या भाटीला कळत होतं. ऑपरेशनची भीती एका दिवसाची असते आणि ती आपल्या डोळ्यांसमोर घडते, म्हणून मोठी वाटते. गोळीचा त्रास महिनोन् महिने चालतो, कधी जिन्याखाली, कधी गटाराच्या कडेला, आपण नसताना. शिवाय ज्या कर्करोगाचा धोका गोळी वाढवते तोच धोका ऑपरेशन कमी करतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. आणि ‘पोट फाडणं’ म्हणाल, तर भूल दिलेली असते आणि सरावलेल्या हाताचा छेद बोटाच्या पेराएवढा असतो.

त्या ४ लाख २० हजारांचं काय? हा आकडा कित्येक वर्षं जगभर फिरतो आहे. प्रत्येक पिल्लू जगलं आणि प्रत्येक भाटी न चुकता वित राहिली तरच तो येतो. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये आला. एक भाटी वर्षाला सरासरी १.४ वेळा व्याली, एका वेळी साधारण ३ पिल्लं, आणि त्यांतली ७५ टक्के सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. तुमच्या आवारात ११ पैकी ९ गेली. म्हणजे सभेत वाचलेला हिशेब खोटा आहे, हे तुम्ही शांतपणे सांगू शकता. पण ऑपरेशनं का करायची याचं कारण मला त्या खोट्या ४ लाखांपेक्षा या खऱ्या ९ मध्ये दिसतं. गाडीच्या चाकाखाली आलेलं, पावसात भिजून गारठलेलं, डोळे चिकटून आंधळं झालेलं. तुम्ही त्यांना बुटाच्या खोक्यात गुंडाळून पुरलं असेल, मीही पुरलं आहे. आपले लोक म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. ती फिरवते, कारण एकही घर सुरक्षित नसतं.

आता कामाला लागायचं. वही घ्या, प्रत्येक मांजराला एक पान, फोनमधला फोटो, रंग, खूण, भाटी की बोका, गाभण की लेकुरवाळी. जेवणाची वेळ एक करा, जागा एक करा, अर्ध्या तासात उरलेलं उचला. मांजरांना घड्याळ आठवडाभरात कळतं. मग पिंजरा आणा. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्था तो बहुधा उसना देतात, आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात मांजरांच्या नसबंदीची सोय आहे का, त्याचीही चौकशी करा. पिंजऱ्याचं दार सुतळीने उघडं बांधून दहा-बारा दिवस तिथेच ठेवा आणि सुकट आत सरकवत न्या: आज दारात, चार दिवसांनी मधे, मग अगदी मागच्या टोकाला. ज्या दिवशी डॉक्टरांची वेळ नक्की असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी सुतळी सोडायची, त्या दिवशीचं एक जेवण चुकवून. दार पडलं की ती धडका देईल, आणि तुमचा जीव कासावीस होईल. पिंजऱ्यावर लगेच जुनी चादर टाका. अंधार झाला की मिनिटाभरात बहुतेक मांजरं गप्प बसतात. मला पहिल्यांदा हे पाहून रडू आलं होतं, इतका वेळ मी उगाच घाबरून होते. हाताने धरायला जाऊ नका, झोपेचं औषध घालू नका. मोठ्या मांजराचं पोट ऑपरेशनआधी रिकामं लागतं, आणि संध्याकाळी पकडलं की ते आपोआप होतं.

आधी भाट्या. एक बोका शिल्लक राहिला तरी तो सगळ्यांना पुरतो, म्हणून बोक्यांपासून सुरुवात करून उपयोग नाही. मात्र नंतर त्यांचंही करा. रात्रीचं ओरडणं, मारामाऱ्या, जिन्यातला तो उग्र वास, सभासदांच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. लेकुरवाळी असेल तर पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन खायला लागेपर्यंत थांबा. थांबणं शक्य नसेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ऑपरेशनने दूध आटत नाही, पण तिला लवकर परत सोडावं लागतं. या सगळ्यांना विरघळणारे टाके आणि रेबीजची लस मागा, कारण टाके काढायला ती पुन्हा हाती लागणार नाही. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापायला सांगा. ते ऐकून तुम्हाला कसंसं होईल, पण त्या कानामुळेच पुढे तिला कुणी दुसऱ्यांदा पकडून पोट उघडत नाही. भाटीला एक-दोन दिवस कोरड्या, बंद जागी ठेवा आणि मग पंपरूमच्या मागेच सोडा.

गोळीला कुठे जागाच नाही का? एक आहे. एखादी भाटी पकडीत येतच नाही किंवा ऑपरेशनची तारीख दोन-तीन महिने पुढची आहे, ती गाभण नाही हे तपासलेलं आहे, ती हातातून एकटी खाते आणि पशुवैद्य स्वतः मात्रा तयार करून देत आहेत. अशा एका भाटीसाठी, तारखेपर्यंत. तुमच्या ८ जणींत अशी मला तरी पत्रावरून दिसली नाही. पुढे कदाचित काही चांगलं येईल. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एका इंजेक्शनबद्दल लिहिलं: ६ भाट्यांना ते दिलं, पुढच्या दोन वर्षांत दोनदा काही महिने बोक्यासोबत ठेवूनही एकही गाभण राहिली नाही. तेही इंजेक्शनच, म्हणजे पकडावं तेव्हाही लागेलच. ते दुकानात येईपर्यंत वाट बघत बसू नका.

सभेला वही घेऊन जा. १४ मांजरं, ८ भाट्या, इतक्या झाल्या, इतक्या राहिल्या, ही तारीख. कानाचं टोक न कापलेलं नवं मांजर दिसलं तर कळवा, असं सभासदांना सांगा. तुमच्यावर रागावलेले लोकच सगळ्यांत आधी फोन करतील, असा माझा अनुभव आहे. पोत्याचा विषय निघाला तर सांगा की प्राण्यांशी क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली असं कोंबून नेणं आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात प्राण्याला मुद्दाम अपायकारक औषध देणंही येतं, म्हणून सोसायटीतल्या आणखी कुणी तुमची सुकटीची युक्ती उचलत असेल तर त्यालाही थांबवा. आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय लावणं ही रहिवाशांच्या संघटनेची जबाबदारी आहे. पण कायद्याने सुरुवात करू नका, शेवटी काढा. आधी विचारा, खाडीपलीकडे सोडून कोपऱ्यावरच्या मासळीवालीची टोपली कुठे जाणार आहे? तिची डोकी-शेपट्या तिथेच पडणार, उघडे कचऱ्याचे डबे तिथेच राहणार, आणि दोन महिन्यांत शेजारच्या आवारातली मांजरं ती रिकामी जागा भरणार. तीही विणारी. ८ ऑपरेशनचा खर्च सगळ्या घरांत वाटला तर दर घरामागे किती येतो, तो आकडा काढून न्या. डब्यांना झाकणं आणि दुचाकींच्या सीटला कव्हर याही मागण्या त्याच दिवशी मान्य करा. त्या लोकांचंही काही चुकत नाही.

सुरुवात त्या भिंतीवरच्या बुजरीपासून करा. तिला वेळ लागेल, म्हणून तिची सुतळी आजच बांधा. आणि डॉक्टर चांदणीबद्दल काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघते आहे.